फ्लेक्सची दुसरी बाजू

जयपूर, रविवार

तीर्थरूप आईस,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. फोनवर तुला नीट ऐकू येत नाय, म्हणून लिहितोय. ऋतिकावहिनी वाचून दाखवेल.

मी बरा हाय. भात मागितला तर देतात.

यंदा टीव्हीवर दिसलो नाय म्हणून घाबरू नको. कबड्डीत सातच जण उतरतात, बाकीचे बाकावर. माझ्या डाव्या कोपऱ्यात आता हरयाणाचा नवा गडी असतो. चढाईला आलेल्याचा घोटा असा धरतो की सुटत नाय. पहिल्या वर्षी मी धरायचो तसाच. सर म्हणाले, तू जुना हायस, त्याला शिकव. शिकवतो. वाईट वाटत नाय. काल आमी जिंकलो, सगळे नाचले, मी पण नाचलो. बरं पण वाटलं नाय.

गुडघ्याचं विचारलंस. दुखत नाय. बाकावर कुणाला काय लागणार?

भात कापून झाला का? खोपोलीच्या डॉक्टरला कान दाखवलास का?

दादानं माझा फ्लेक्स लाकडांवर घातला म्हणून तू रागावलीस, असं वहिनी म्हणाली. रागावू नको गं. पहिल्या हंगामात दहिवलीच्या नाक्यावर लागलेला, 'कर्जतचा वाघ' लिहिलेला, तोच ना? जाड हाय, अजून दोन पावसाळे टिकेल.

फक्त फोटोची बाजू खाली करायला सांग. पाणी दोन्ही बाजूंनी अडतं.

तुझा,
परेश