डाव्या आट्याचा डीएनए

२ एप्रिल, बुधवार
राठीजींनी यादी मागितली, नव्या कॅटलॉगसाठी. शाळा-कॉलेजांना माझा माल तेच पोचवतात. बसून केली. माझ्या हातचं, आजवर: बेडकाचं हृदय, प्लास्टरचं, झाकण उघडणारं. माणसाचा कान, आतली हाडं सुटी निघतात. वनस्पतीची पेशी. मूत्रपिंडाचा काप. मेंडेलचा पाट, सोळा खाने, सागाचे वाटाणे, गोल आणि सुरकुतलेले. सुरकुत्या एकेक कोरलेल्या, साच्यातल्या नाहीत. गुणसूत्रांच्या जोड्या. आणि डीएनए. पितळी तार, लाकडी मणी, चार रंग. ए-टी मध्ये दोन खिळे, जी-सी मध्ये तीन. एका वेढ्याला दहा पायऱ्या, ना नऊ ना अकरा. एक खाच रुंद, एक अरुंद. बाजारातल्या मालात दोन्ही सारख्याच असतात.
यादीत घराचं फाटक आणि कूलरचा स्टँडही लिहिला होता. सौ.ने खोडायला लावला. "ते काय शाळेत ठेवतात का?"
दहावीनंतर मी शाळा पाहिली नाही. जे केलं ते वाचून. लेक ऋतुजा अकरावीत गेली तेव्हापासून तिची पुस्तकं आधी मी वाचतो, मग ती.
ऋ.चं आज बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल होतं, जेनेटिक्सचं. आली ती जेवलीच नाही. बाहेरून आलेले सर कडक होते, एवढंच म्हणाली.

५ एप्रिल, शनिवार
समोरच्या खोलीत डीएनए टांगला आहे, माझा पहिला. ऋ. आठवीत होती तेव्हा तिच्या विज्ञान प्रदर्शनासाठी केला होता. आज ती स्टुलावर चढून तो काढत होती. खिडकीशी नेला, बराच वेळ बोट फिरवत बसली.
सौ.: "काहून काढला वं?"
"धूळ होती."
धूळ नव्हती. दर रविवारी मी ब्रशने पुसतो.

६ एप्रिल, रविवार
ऋ.ने सांगितलं. जसं बोलली तसं लिहितो.
"बाबा, तुम्ही रागवान."
"बोल."
"आपला डीएनए उलटा फिरते."
तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, पीळ कोणत्या हाताचा, दाखव. तिने डोळे मिटले, घरचा आठवला, बोट हवेत फिरवलं. सर म्हणाले, हा तर डावा झाला. कुठे शिकलीस? घरी, म्हणाली. बाजूची पोरगी हसली. सर हसले नाहीत, ते तिला जास्त लागलं.
मी म्हटलं, पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे, उजवा. वाचलं नव्हतंस?
"वाचलं होतं ना. मले वाटलं, याच्यालेच उजवा म्हणतात."


७ एप्रिल, सोमवार
खात्री केली. पितळी स्क्रू उभा धरला, शेजारी डीएनए. स्क्रूचा समोरचा आटा खालून डावीकडून निघतो, वर उजवीकडे चढतो. माझा उजवीकडून निघतो, डावीकडे चढतो. घरात दुसरा असा आटा फक्त गॅस सिलेंडरच्या नटाला असेल. जन्मभर स्क्रू पिळत आलो आणि एकदाही दोन्ही शेजारी धरले नाहीत.
मग उलटा टांगला. डोकं खाली, पाय वर. तसाच. डावा तो डावाच. जिना उलटा केला तरी वळण बदलत नाही, हे आज कळलं. पुन्हा सरळ केला, पुन्हा उलटा. सौ. दारात उभी. "डोकं फिरलं का तुमचं, का त्याचं?"
आलमारीच्या आरशासमोर धरला. आरशात बरोबर आहे.

९ एप्रिल, बुधवार
कुठे चुकलं ते सापडलं. शोधायला दोन दिवस लागले, कारण चुकलं असेल असं ज्या जागी वाटतच नाही तिथे कोण पाहतो.
मॉडेलांच्या आधी मी काचेवरचे बोर्ड रंगवायचो. दवाखाने, वकील, झेरॉक्स. काचेवर रंग मागून लावतात, म्हणजे अक्षरं उलटी लिहायची. त्यासाठी बटर पेपरवर सरळ काढायचं, कागद पालथा ठेवायचा, मागून घासायचं. शिसं उलटं उतरतं. हाताला तेच वळण.
डीएनएची तार सागाच्या रुळावर, म्हणजे गोल दांड्यावर, गुंडाळून पीळ देतो. रुळावर खाच आहे, तार त्या खाचेत बसते, म्हणून सगळे नग एकसारखे. त्या खाचेचं चित्र मी तक्त्यावरून बटर पेपरवर घेतलं. आणि कागद पालथा ठेवून घासलं. काचेला तेच बरोबर. लाकडाला रेघा मागूनही गिरवून कागद सरळ ठेवायला हवा होता.
अक्षरं असती तर लगेच दिसलं असतं. पिळाला अक्षरं नसतात.
म्हणजे एकटा घरचाच नाही. त्या रुळावरून निघालेला प्रत्येक. काटोल, मौदा, शहरातली कॉलेजं, सगळे.

११ एप्रिल, शुक्रवार
आज एक फट दिसली होती. ऋ.च्या जाड्या पुस्तकात: डाव्या पिळाचाही डीएनए असतो. झेड-डीएनए. वाचून उठून उभा राहिलो. नुसतं लेबल बदलायचं, सगळीकडे एकेक चिठ्ठी पाठवायची. तिला हाक मारली.
तिने वाचलं. हळूच म्हणाली, "बाबा, तो वाकडातिकडा जाते. अन् त्याच्यात एका वेढ्याले बारा बसतात. आपल्यात दहा आहेत."
दहा आहेत. मीच मोजून बसवले. खाचा रुंद-अरुंद, त्याही मीच केल्या. थोडा ढिसाळ माणूस असतो तर सुटलो असतो.
शेडमध्ये पत्रा तापला आहे. काम नाही केलं. नुसता बसून राहिलो.

१४ एप्रिल, सोमवार
जयंतीची सुट्टी. राठीजी घरीच होते. फोन केला, म्हटलं, डीएनए पाठवू नका, पीळ उलटा आहे.
"विलासभाऊ, गोल घूमता है?"
हो.
"चार कलर है?"
हो.
"तो बच्चों को और क्या होना? इतने साल में किसी ने कम्प्लेंट किया?"
नाही. कोणी नाही केली. मी समजत होतो तक्रार येत नाही कारण काम चोख आहे. तक्रार येत नव्हती कारण कोणी पाहतच नव्हतं. पाहिलं ते एका पोरीने, आणि तिचे मार्क गेले.

१७ एप्रिल, गुरुवार
काटोल. सकाळच्या एसटीने. बसमध्ये संत्र्याच्या रिकाम्या क्रेट, पाय ठेवायला जागा नाही. पिशवीत स्क्रू, दाखवायला.
तिथल्या शाळेतल्या विज्ञानाच्या बोरकर मॅडम ओळखतात. माझा डीएनए काचेच्या कपाटात, कुलूप लावून. चांगला चकाकत होता. "पोरांना हात लावू देत नाही भाऊ, मोडून टाकतील." किल्ली मुख्याध्यापकांकडे.
सांगितलं. स्क्रू धरून दाखवला. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "अगं बाई. खरंच की." मग हसल्या. "मी इतकी वर्षं याच्यापुढे उभी राहून 'उजवा' म्हणून शिकवून राहिली."
म्हटलं, द्या, घेऊन जातो, बदलून देतो, फुकट.
"तसा नाही देता येणार. डेड स्टॉक रजिस्टरला चढला आहे. निर्लेखन होऊन रजिस्टरातून कमी झाल्याशिवाय गेटबाहेर जाणार नाही. अन् निर्लेखन मोडल्याशिवाय होत नाही."
"मग मोडतो."
"तुमच्या हातचं आहे, मोडान का तुम्ही?"
नाही मोडू शकलो. म्हणाल्या, नवीन आणून द्या, जुन्याच्या बाजूला ठेवू. म्हणजे दोघे कपाटात शेजारी, कुलपात, एक डावा एक उजवा, आणि खाली नाव कोणाचंच नाही.
चहा घेतला. परतीच्या बसमध्ये उभा.

२२ एप्रिल, मंगळवार
नवा रूळ. सागाचा ओंडका पसंत करून आणला, मनीषनगरच्या सुताराकडे खरादीवर फिरवून घेतला. फक्त तेवढं बाहेरचं, बाकी हाताने. बटर पेपरवर पीळ काढला. अगदी जपून. घासला. खाच कोरली. संध्याकाळी तार चढवली.
डावा.
कागद पालथा कधी ठेवला ते आठवत नाही. मी ठेवला नाही, हाताने ठेवला.
सौ. चहा घेऊन आली होती. बघितलं तिने. "याच्यापेक्षा त्या वकिलाच्या पाट्या बऱ्या होत्या. निदान उलटं लिहिलं तर सरळ दिसे." हसू आलं, पण बाहेर नाही आलं.
"जुना रूळ जाळून टाका," म्हणाली. जाळता येत नाही. तितकी सरळ खाच मी पुन्हा कोरली नाही. चुकीच्या बाजूची आहे, पण खाच म्हणून तिच्यात खोट नाही.

२६ एप्रिल, शनिवार
ऋ. घरी अभ्यास करत नाही. लायब्ररीत जाते. म्हणते घरात उकडते. कूलरला तर मी कालच नवं गवत लावून दिलं.
जेवताना विषय निघाला, मेंडेलच्या वाटाण्यात गोल हा प्रभावी की सुरकुतलेला. मी म्हटलं गोल. हे तर मी झोपेत सांगेन.
ती म्हणाली, "हो." मग, "पाहून घेते."
उठली आणि पुस्तकात पाहून आली. गोलच होता. मला सांगितलंही, "बरोबर आहे बाबा." वाईट मनाने नाही केलं तिने. आधी ती माझ्याकडे पाहायची, आणि पुस्तक नंतर.
मेंडेलचा पाट घेऊन सगळे सोळा खाने पुन्हा तपासले. बरोबर आहेत. कान तपासला. बरोबर. हृदयाची डावी-उजवी तपासली, पुस्तक शेजारी ठेवून. बरोबर. पण आता बरोबर निघालं तरी पुन्हा तपासावंसं वाटतं.

३० एप्रिल, बुधवार
झाला, आणखी एका रुळावर. कागद पालथा ठेवायचा नाही म्हणून चारी कोपऱ्यांत "वर" लिहिलं, लाल पेन्सिलने. दहा पायऱ्या. खाचा रुंद, अरुंद. स्क्रू शेजारी धरला, दोघे एकाच बाजूला चढतात.
जुन्याच्या बाजूला टांगला. आणि माझ्या डोळ्याला नवाच चुकीचा दिसतो. डोकं मान्य करतं, डोळे करत नाहीत. खोलीत शिरलो की नजर आधी जुन्यावर जाते आणि तिथे निवांत होते. असं किती दिवस चालणार.
ऋ.ने दोन्ही पाहिले. नव्याला बोट लावून वरपर्यंत नेलं. जुना काढू का, मी विचारलं. "राहू द्या." काहून, ते नाही विचारलं.

३ मे, शनिवार
राठीजी स्वतः घरी आले. त्यांच्यासोबत दिल्लीचे एक पाहुणे, प्लास्टिकचे साचे करणारे. दोघे टॉवेलने घाम पुसत जुन्याखाली उभे राहिले.
त्यांना जुना रूळ हवा, सोबत मणी, माप, सगळं. प्लास्टिकमध्ये काढायचा, हजारोंनी, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत. मी नवा पुढे केला. हा घ्या, हा बरोबर आहे.
पाहुण्यांनी हातात घेतला, ठेवला. म्हणाले, साच्याचं अर्धं काम जुन्या नगावरून झालं आहे. राठीजींनी महिन्यापूर्वीच एक पाठवला होता. पुन्हा सुरुवात केली तर सीझन जातो.
"पहले यही निकालते हैं," राठीजी म्हणाले, "अगले साल आपका सीधावाला."
"आणि या वर्षी जी पोरं शिकतील?"
"भाऊ, अर्धी दुनिया उल्टाच काढते. जाहिरातीत बघा, पोस्टरवर बघा. आपणच काहून मरायचं?" मराठीत बोलले. मराठीत बोलतात तेव्हा सौदा मोठा असतो.
मग खिशातून कागद काढला. प्लास्टिकच्या डीएनएच्या तळाचं चित्र होतं. त्यावर उभारलेल्या अक्षरांत माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. इतक्या वर्षांत माझ्या एकाही वस्तूवर नाव नाही, कॅटलॉगमध्येही नाही. अक्षरं सुबक काढली होती. मी काढली असती तशी.
सौ. आतून आली, राठीजींनी सांगितलेला आकडा ऐकून तिथेच बसली. "ऋतूच्या एम.एस्सी.चं होऊन जाईन हो."
ऋ. खिडकीशी. माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडेही नाही. दोन डीएनए पंख्याच्या वाऱ्याने हलत होते, त्यांच्याकडे.
राठीजी म्हणाले, उद्यापर्यंत सोचून घ्या.

४ मे, रविवार
ब्रशने दोन्ही पुसले.
अकराला राठीजींना फोन केला. नाही म्हटलं. ते रागावले नाहीत, तेच बरं नाही. म्हणाले, "भाऊ, सॅम्पल तो दिल्ली में है." म्हणजे रूळ माझ्याकडे राहील आणि डावा डीएनए तरीही निघू शकेल, फक्त माझ्या नावाशिवाय. निघेल की नाही, ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही. पुढचा माल दुसऱ्याकडून घेतील का, तेही नाही.
ऋ. लायब्ररीत. जाताना चप्पल घालून दारात थांबली होती. "काय सांगितलं त्यांना?" सांगितलं. मान हलवली. मग नव्याखाली उभी राहून डोळे मिटले, बोट हवेत फिरवलं. उजवीकडे चढलं. अर्ध्यावर थांबली, डोळे उघडून वर पाहिलं, खात्री केली, आणि गेली.
सौ. सकाळपासून भांडी घासताना तोच आकडा पुटपुटून राहिली आहे. जुना रूळ, जसा आहे तसा, आणि तळाला माझं नाव. नाकारलं. चार लाख वीस हजार.