दोनशे पिशव्यांची इस्त्री

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार (कागदावरच घालायचा, म्हणून साष्टांग, कंबर काही दुखत नाही).

एक कापडी पिशवी किती वेळा वापरली म्हणजे ती प्लास्टिकच्या कव्हरपेक्षा बरी ठरते? मला माहीत नाही. इस्त्रीवाल्या काकांनी मला हे गेल्या महिन्यात विचारलं आणि बाबांनी लगेच भिंतीवरच्या माझ्या पदवीकडे बघितलं. (ती त्यांनी काचेत घालून आपल्या लाँड्रीच्या काउंटरमागे लावली आहे. दुपारपर्यंत वाफेने काच धुरकट होऊन माझं नाव दिसेनासं होतं, मग बाबा ती पुसतात.) घरात पहिली पदवीधर झाल्यापासून सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला येतात असा सगळ्यांचा समज आहे. शेजारच्या घड्याळजींनी परवा मला त्यांची दाढ दाखवली.

तुझा गुडघा कसा आहे? आणि शिलाई मशीनचं पायडल अजून कुरकुरतं का? (हे मी उगीच विचारत नाहीये, पण त्याकडे नंतर येते.) एवढंच कर, हे पत्र एका जागी बसून शेवटपर्यंत वाच. समोर आणखी काही दिसत असेल तर त्याच्याकडे मग बघ.

तुला आठवतच असेल, दुकानातून रोज साठ-सत्तर प्लास्टिकची कव्हरं बाहेर पडायची. इस्त्रीचे कपडे घरी पोचेपर्यंत त्यांचं काम, म्हणजे फार तर दहा मिनिटं, आणि पुढे ती कचऱ्यात किती वर्षं पडून राहतात कोण जाणे. मी बाबांपुढे यावर मोठं भाषण केलं आणि ‘ही पृथ्वी आपली आहे’ अशी पाटी काउंटरवर लावली. बाबांनी ती वाचली आणि दुकान कोणाचं आहे तेही खाली लिही म्हणाले. पण परवानगी दिली. मुदत तीन महिन्यांची: कापडी पिशव्यांनी जमलं तर ठीक, नाहीतर एक तारखेला प्लास्टिकवाला येईल आणि त्याच्याकडून नवा रोल घ्यायचा, मग पुन्हा हा विषय काढायचा नाही. त्याच आठवड्यात मी तुला पत्र टाकलं आणि तू दोनशे पिशव्या शिवून पाठवल्यास. किनारीला गोट, आणि प्रत्येकीवर एक निळं फूल. (फूल मी मागितलं नव्हतं. पण ते येणार हे मला ठाऊक असायला हवं होतं.)

पहिले आठ दिवस मी हवेत होते. मग पिशव्या परत येऊ लागल्या. गिऱ्हाईक कपडे घेऊन जाणार, पुढच्या खेपेला पिशवी आणून देणार, असं माझ्या वहीत होतं. वहीत काका नव्हते. आत्या, ज्या माणसाने तीस वर्षं लोकांच्या कॉलरी ताठ ठेवल्या, तो चुरगळलेलं कापड काउंटरवर पडलेलं बघू शकेल का? परत आलेली प्रत्येक पिशवी काका धुवायचे, खळ द्यायचे, वाळवायचे आणि इस्त्री करायचे. तुझं फूल चपटं होऊ नये म्हणून उलट्या बाजूने, हलक्या हाताने, शर्टाच्या दुप्पट वेळ. मी त्यांना अडवलं तर म्हणाले, “कडक शर्ट बोळा झालेल्या पिशवीत घालून देऊ? लोक म्हणतील म्हाताऱ्याचा हात गेला.” वकीलसाहेबांच्या मांजरीने एका पिशवीत तीन पिल्लं घातली, तीसुद्धा (पिशवी, पिल्लं नव्हे) काकांनी तीनदा धुऊन, सुगंधी पाणी शिंपडून, घडी घालून ठेवली. मी उत्सुकता म्हणून रोज पाण्याचा मीटर बघायला लागले. उत्सुकता चार दिवसांत संपली, मग भीती वाटायला लागली. बाबा म्हणाले, “पूर्वी आपण कपडे धुवायचो. आता पिशव्या धुतो, आणि वेळ उरला तर कपडे.”

पण खरा घाव पुढेच होता. मुदत संपायला पाच दिवस असताना मी मागचं कपाट उघडलं. आत तुझ्या पिशव्यांची चळत, धारदार इस्त्रीची, आणि प्रत्येक पिशवी जुन्या रोलमधल्या एकेका प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. काका शांतपणे म्हणाले, “धूळ बसते ना, पोरी.”

मी तिथेच जमिनीवर बसले. रडणारच होते, पण एक प्रश्न सुचला आणि रडायचं राहिलं. विचारलं, काका, तुम्ही इस्त्री कशाला करत नाही? त्यांनी खूप विचार केला. मोजे, म्हणाले, आणि टॉवेल. “टॉवेलला इस्त्री केली की तो पाणी पीत नाही. टॉवेलला इस्त्री करणारा माणूस आमच्या धंद्यातला नव्हे.”

आत्या, वरच्या फळीवर ऐंशी टॉवेल तीन वर्षं पडून आहेत. बंद पडलेल्या लॉजचे. धुवायला आले आणि न्यायला कोणी आलंच नाही. परक्याची वस्तू म्हणून बाबांनी हात लावू दिला नव्हता. आता त्यांनी लॉजमालकांना फोन केला. ते म्हणाले, टॉवेल ठेवून घ्या, मला आता लॉजसुद्धा आठवत नाही. मी त्यातल्या एका टॉवेलची हातशिलाईने पिशवी शिवली (तिरकी, एका बाजूला लांब, हत्तीच्या मोज्यासारखी) आणि तिच्यात घड्याळजींचे शर्ट भरले. काकांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचा हात इस्त्रीकडे गेला, मध्येच थांबला आणि खाली आला. दोन दिवसांनी पिशवी परत आली. काकांनी तिचा वास घेतला, दोनदा झटकली आणि खिळ्याला अडकवून ठेवली. तीन महिन्यांत पाण्याचा थेंब न लावता पुन्हा कामाला लागलेली ती पहिली पिशवी!

तुझ्या पिशव्यांचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांचा दोष एकच, त्या फार सुंदर झाल्या. दोनशेपैकी चौऱ्याहत्तर उरल्या. बाकीच्या लोकांनी घरी ठेवून घेतल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी तर त्यांचे उशांचे अभ्रे केले आहेत. गुडघ्याला जप.

तुझी भाची

ता. क. एक अडचण राहिली: टॉवेलचे तंतू काळ्या पँटीला चिकटतात. म्हणून टॉवेलच्या पिशवीला आतून तुझ्या जुन्या पिशवीचं अस्तर लावायचं. फूल आत राहील, काकांना दिसणार नाही, म्हणजे इस्त्रीचा प्रश्नच नाही. पण हे हातशिलाईचं काम नव्हे. पायडलची चौकशी त्यासाठी होती.

ता. क. २. टॉवेल प्रवासात मळू नयेत म्हणून काकांनी त्यांना कपाटातली सगळी प्लास्टिकची कव्हरं घातली आहेत. मी पाठ वळवली होती. कव्हरं परत पाठव, फेकू नकोस.

ता. क. ३. तू शिवायला हो म्हणालीस असं मी बाबांना सोमवारीच सांगून टाकलं, आणि त्यांनी माझ्यासमोर प्लास्टिकवाल्याला फोन करून रोल नको म्हणून कळवलं. हे पत्र मी टॉवेल आणि उरलेल्या पिशव्या भरलेल्या पोत्याच्या तोंडाशी ठेवलं होतं. म्हणजे पोतं तू उघडलेलंच आहेस.