किमतीचा रिकामा रकाना

१४ नोव्हेंबर, सोमवार
दुपारची जेवणं आटोपल्यावर

चिरंजीवास आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या बाबांची भूक चांगली आहे, पाय आहेत तसेच आहेत. तुझ्या धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत. त्यामुळे ती सध्या शिट्टी वाजवल्यासारखं बोलते, आणि जास्तच बोलते. नेहमीप्रमाणे मी सांगतेय आणि तुझी बायको लिहितेय. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मधे बोलतोस. कागदाला मधे बोलता येत नाही.

आता गाडीचं.

परवा तू मला म्हणालास, "आई, वाचून सही करायची ना!" आणि लगेच तुझी मीटिंग सुरू झाली. तेव्हापासून माझं डोकं असं तापलंय की वर पातेलं ठेवलं तर पाणी उकळेल. चाळीस वर्षं ओळखतोस मला. मला एक अक्षर येत नाही हे या घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. शाळेत असताना प्रगतिपुस्तक दाखवायचास आणि लाल रेघ म्हणजे शाबासकी म्हणून सांगायचास. विसरलास? तेव्हा बरं होतं आईला वाचता येत नव्हतं ते!

सुरुवात कुणी केली ते आधी लिहून ठेवते. बाबांना गाडीत बसवायला दोन माणसं लागतात, म्हणून फिरत्या सीटची गाडी घ्यायची हे तू ठरवलंस. सीट दाराबाहेर वळते, खाली येते, माणूस बसला की आत जाते. अशी गाडी शोरूममध्ये तयार नसते, खास बनवून घ्यावी लागते, चार महिने लागतात. आणि शोरूमचा मॅनेजर कोण, तर तुझा वर्गमित्र लोण्या. शाळेत हे नाव त्याला कुणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणाऱ्याला माणसं कळत होती. तू म्हणालास, "किंमत फोनवर ठरलीय. त्याच्याकडे लिहून-बिहून मागू नका, वाईट दिसतं."

आम्ही दोघी गेलो. लोण्याने खुर्ची दिली, गार पाणी दिलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. न दुखणाऱ्या गुडघ्यांची चौकशी करणाऱ्यापासून लांब राहावं, हे मला या वयात कळायला हवं होतं. गाडी माझ्या नावावर, म्हणून सही मी केली. आता गाडी शोरूममध्ये आली, तर किंमत ठरल्यापेक्षा आठव्या हिश्श्याने जास्त! म्हणे मधे कंपनीने भाव वाढवला, आणि फॉर्मवर छापलंय की ताब्याच्या दिवशी असेल ती किंमत. द्या, नाहीतर ॲडव्हान्स विसरा. बाबांच्या दवाखान्यातल्या व्यायामाचे वर्षाचे पैसे तेवढेच होतात. म्हणजे दवाखान्यात न्यायला गाडी, आणि गेल्यावर द्यायला काही नाही.

आणि हो, तुझी बायको शेजारीच बसली होती. शिकलेली आहे. तिने तरी फॉर्म नीट बघायला हवा होता.

इथे पेन थांबलं होतं. तुला कागदावर दिसणार नाही, म्हणून सांगते. हिने टोपण लावलं, "चहा ठेवते" म्हणाली आणि आत गेली. चहा झाला, पिऊन झाला, पेन टोपणातच. मग मीच म्हटलं, काढ टोपण. खरं काय ते लिही.

खरं असं. हिने फॉर्म सगळा वाचला होता. लोण्यादेखत म्हणाली, "आई, किमतीचा रकाना रिकामा आहे. आकडा लिहून घेऊ. आणि गाडी मिळेपर्यंत तो बदलणार नाही, असंही." शेजारच्या टेबलाशी एक चष्मेवाली बाई आपले कागद भराभर चाळत होती. तिच्यासमोर सून मला शिकवणार? मी फॉर्म हिच्या हातातून ओढला, डोळ्यांसमोर धरला, वाचणारी माणसं हलवतात तशी मान वरून खाली हलवली आणि म्हटलं, "चार बुकं शिकलीस म्हणून माझ्या मुलाच्या मित्रावर संशय घेऊ नकोस. गप्प बस." मग सही काढली. तू शिकवलेली, तेवढीच येते.

लोण्या म्हणाला, "काकूंनी वाचलंय, मग प्रश्नच मिटला."

ही घरी येऊन एका शब्दाने बोलली नाही. परवा तू फोनवर हिलाच झापलंस, "तू काय करत होतीस तिथे?" म्हणून, तेव्हाही नाही. मी पलीकडच्या खोलीत सगळं ऐकत होते. मीही गप्पच. माझा राग तुझ्यावर काढतेय हे मला कळतं. पण त्यातला थोडा तुझ्या हक्काचाही आहे.

सूनबाई, चूक माझी होती. पाणउतारा चारचौघांत केला, आणि वर नवऱ्याची बोलणीही तुला खायला लावली. मला माफ कर. हेही लिही, थांबू नकोस. त्याला कळू दे.

काल आम्ही परत गेलो. गाडी शोरूममध्ये मधोमध उभी. मी फिरत्या सीटवर बसले आणि बटण दाबून दाराबाहेर आले, थेट येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत. लोण्या धावत आला.

"काकू, उतरा. गिऱ्हाइकं बघतायत."

"मग मी कोण? झाडू मारायला आलेय?"

हिने शांतपणे फॉर्मची प्रत पुढे केली. "किंमत न लिहिता सही घेतलीत. हे मालकांना दाखवू की कंपनीला पाठवू?"

तो आत गेला, कुणाकुणाला फोन केले, आणि येऊन म्हणाला की वाढीतली अर्धी रक्कम सोडतो. "माझा शब्द आहे, काकू."

"तुझा शब्द मागच्या खेपेला घरी नेला होता. टिकला नाही. लिहून दे."

त्याने लिहिलं आणि कागद माझ्याच हातात दिला. "घ्या, वाचा."

सगळं शोरूम बघत होतं. मी कागद हिच्याकडे दिला आणि मोठ्यांदा म्हटलं, "मला वाचता येत नाही. माझी सून वाचेल."

आयुष्यभर जे बाहेर कुणाला कळू नये म्हणून धडपडले, ते बोलायला एक श्वाससुद्धा लागला नाही.

हिने खणखणीत वाचलं. तारीख नव्हती, ती घालायला लावली. शिक्का मारून घेतला. खाली बारीक अक्षरात "इतर खर्च वेगळे" असं होतं, ते खोडायला लावून तिथे पुन्हा सही घेतली. गाडी गुरुवारी घरी येईल.

उरलेली अर्धी वाढ तू भर. मित्र तुझा आहे. आणि हिला फोन करशील तेव्हा आधी चुकलो म्हण, मग बाकीचं बोल. उलट केलंस तर ती फोन ठेवेल. ठेवायला मीच सांगितलंय.

आत्ता हिने सगळं पत्र मला वाचून दाखवलं. अक्षर येत नसलं तरी मी काय बोलले ते मला ओळीने आठवतं. माफीचं वाक्य आलंच नाही. मी विचारलं, "गाळलंस?" तर म्हणाली, "लिहिलंय, आई. मोठ्याने वाचवत नाही."

मी कागद मागून बघितला नाही. बघून मला काय कळणार होतं? पण कळलं असतं, तरी मागितला नसता.

तुझ्यावर अजून रागावलेली,
आई