रिटायर जहाजाचा हार

येवदा, ता. दर्यापूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रीतम यास,
आजीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोन ठेवला का सारं बोलणं हवेत जाते. पत्र कसं, उशीखाली राहते. जहाजासमोर उभा राहून काढलेला फोटोही भेटला. किती वाळला रे! फोटो भिंतीवर लावला.

तुमचं नेव्हीचं जहाज सात मार्चले रिटायर होणार हे वाचून मले इतका आनंद झाला का तव्यावरची भाकर करपली. तुझे आबा एसटीतून रिटायर झाले तवा डेपोतल्या ड्रायवर-कंडक्टरांनी त्याईले हार घालून, बँड वाजवत घरी आणून सोडलं होतं. आता तुझी पाळी. शेजारची गोदाबाई हसली, म्हणे सव्वीस वर्षांचं पोट्टं रिटायर कसं होईन? म्या म्हटलं, जहाज पस्तीस वर्षांचं हाये, त्याच्यासंगं हाही सुटला. नऊ तारखेच्या रविवारचा हार फूलवाल्या नत्थुजीले सांगून ठेवला. तुझी आई, आमची ज्योत्स्ना, अकोल्याहून सुटी काढून येतो म्हणे. घरात तीन ताटं पडतील.

तू लिहिलं का ते जहाज पाण्याखालची पाणबुडी ऐकते, त्याच्या पाठीवर हेलिकॉप्टर उतरते, अन् समुद्राचं खारं पाणी गोडं करते. पाणबुडी आपल्याले नको. पाण्याची मशीन तेवढी साहेबाले मागून आण. आपल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यात अजून डाळ शिजत नाही.

लोभ आहेच, तो घ्यायला लवकर ये.
तुझी आजी, चतुराबाई


विशाखापट्टणम
२७ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
प्रीतमचा सविनय जयभीम. वि. वि.

तुला फोन दोनदा लावला आणि उचलण्याआधीच ठेवला. म्हणून लिहून राहिलो.

आजी, जहाज रिटायर होतं, आम्ही नाही. सात तारखेला सूर्य मावळताना त्याचा झेंडा शेवटचा उतरवू, सलामी देऊ आणि ओळीनं खाली येऊ. दुसऱ्याच दिवशी मला नव्या जहाजावर हजर व्हायचं आहे. ते जास्त पळतं, जास्त दूरचं पाहतं आणि महिना-महिना किनाऱ्याला लागत नाही. दिवाळीपर्यंत तरी सुटी नाही.

जुन्या जहाजाच्या तोफा, रडार, सारं उतरवून घेतात. मग कधी ओढून नेतात आणि तोडून लोखंड करतात, नाहीतर खोल समुद्रात नेऊन नव्या क्षेपणास्त्राचा निशाणा करतात. याचं काय करायचं ते ठरलं नाही. ते निशाणा झालंच तर क्षेपणास्त्र कदाचित आमच्याच नव्या जहाजावरून सुटेल. पाण्याची मशीन मिळत नाही गं. तिचे पाइपही सडले आहेत.

रागावू नको. नत्थुजींना हार नको म्हणून सांग. माया आहे तेवढी राहू दे.
तुझा प्रीतम


येवदा
१० मार्च २०२५

चि. प्रीतम यास,
आजीचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र शनिवारी भेटलं. रागावू कायले? पोराले नवीन जहाज भेटलं, मोठं भेटलं, साऱ्या आळीत सांगून आली. तुझ्या आईचा फोन आला. तू येत नाही तर ती पुढच्या महिन्यात येईन म्हणे.

नत्थुजीकडे मात्र जाणं झालं नाही. चपला घातल्या, पाय उचलेना. रविवारी तो हार घेऊन दारात उभा. झेंडूचा, मधात गुलाब, चांगला गुडघ्यापर्यंत लांब.

म्या इचार केला, पस्तीस वर्षं चाकरी केली त्या जहाजानं, त्याले कोणी घरी नेत नाही, त्याले तरी घालू. भिंतीवरच्या फोटोले घातला. तेवढ्यात गोदाबाई आली अन् मोठ्यानं वरडली, जित्या पोराच्या फोटोले हार घालते काय, येडी झाली काय! जहाजासमोर तू उभा हायेस, हे मले सुचलंच नाही रे. ओढून काढला. तुले काही झालं नाही ना? पत्र भेटल्यावर फोन कर, अन् उचलेपर्यंत ठेवू नको.

तुमच्या साहेबाले सांग, त्या जुन्यावर निशाणा लावायचाच असला तर माह्या नातवाच्या हातून लावू नका. तू त्याच्यात झोपला, जेवला.

मग त्या हाराचं काय करावं? ताजी फुलं फेकवेना. माह्याच गळ्यात घातला अन् ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसली. गोदाबाईनं इचारलं, तू रिटायर झाली काय? म्या म्हटलं, नाही बाई, माह्यी ड्युटी चालू हाये.

दोन ओळींचं असलं तरी पत्र टाकत जा.
तुझी आजी, चतुराबाई