यकृतातला पोटभाडेकरू आणि माझी कुत्री

हे मृत्युपत्र सोमवारीच लिहायचं होतं. आज गुरुवार. मधले दिवस पेन शोधण्यात, मग कागद शोधण्यात, मग शेजारच्या खाटेवरच्या ट्रकचालककाकांशी पत्ते खेळण्यात गेले. उद्या सकाळी ऑपरेशन आहे, आता पळवाट नाही.

मी, खाली सही करणार, वय सव्वीस, घरातलं शेंडेफळ, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय (सिस्टर "आटपा" म्हणतेय, ते दडपण धरू नये) लिहून ठेवतो की :

कलम १. कारण. माझ्या यकृतात किड्याची पाण्याने भरलेली पुटी आहे, संत्र्याएवढी. कत्तलखान्यात कामाला होतो तेव्हा मेंढ्यांची टाकून दिलेली कलेजी मी माझ्या कुत्रीला, ढमीला, लाडाने कच्चीच घालायचो आणि मग तिच्याबरोबर एकाच ताटलीत जेवायचो. कलेजीतून किडा तिच्या पोटात गेला, आणि तिच्याकडून त्याची अंडी माझ्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. काही निरोप 'धावा, मारा' म्हणतात, त्याने सूज येते. काही 'जाऊ द्या, शांत व्हा' म्हणतात. तुमचा किडा हे दुसरे निरोप वाढवून सात वर्षं सुखाने राहिला."

"मग राहू द्या की बिचाऱ्याला!"

"वाढतोय तो. आणि काढताना पुटी फुटलीच तर एकदम 'मारा, मारा' सुरू होईल. माणूस किड्याने नाही, त्या गोंधळाने जातो. औषधं तयार आहेत, घाबरू नका."

मी लगेच घाबरलो.

कलम २. स्थावर काही नाही. रेडिओ काकांना द्यायचा होता, पण साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही म्हणे. "मग मी नाही साक्षीदार!" काका म्हणाले. शेवटी रेडिओतले सेल त्यांना आत्ताच, जिवंतपणी दिले. रिकामा रेडिओ वहिनीला.

कलम ३. दादा. "घरात एक तर ती कुत्री राहील, नाहीतर मी," असं तो म्हणाला, म्हणून मी ढमीला घेऊन निघालो. फोनवर वहिनीला सांगायचो, "त्याला सांग, मेलो तरी तुझं तोंड बघणार नाही." परवा तिने कबूल केलं की ती दादाला सांगायची, "धाकटा तब्येत विचारत होता." आणि त्याचं "मर म्हणावं उकिरड्यावर" माझ्यापर्यंत "जेवतोस ना वेळेवर?" होऊन यायचं. मला वाटायचं, हा एवढं गोड बोलतोय म्हणजे नक्की काहीतरी डाव आहे. मग मी आणखी एक गाव लांब जायचो. ऑपरेशनचं त्याला अजिबात कळवू नकोस, असं वहिनीला बजावलंय.

कलम ४. ढमी. खरं तर हा सगळा खटाटोप हिच्यासाठी. जंताचं औषध वेळच्या वेळी द्यावं, कच्ची कलेजी बंद, ताटली वेगळी. पण न्यावं कुणी? काका कुत्र्यांना भितात, सिस्टरकडे मांजर आहे, सध्या ती दवाखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे आहे, पण तो फक्त शनिवारपर्यंत सांभाळेन म्हणतो. माझ्यामागे ती मोकाट फिरू नये, एवढीच इच्छा. दादाकडे मात्र देऊ नये. तो तिला दारात उभं करणार नाही.

साक्षीदार : १) ट्रकचालककाका, खाट क्रमांक दहा (सेल मिळाले). २) दिवसपाळीची सिस्टर.
ठिकाण : पुरुषांचा वॉर्ड, खाट क्रमांक नऊ. गुरुवार, दुपारचे चार.
सही : शेंडेफळ

ता. क. सही वाळायच्या आत सिस्टर परत आली. "तुमचे भाऊ आलेत. फाटकाशी उभे आहेत, आत यायला तयार नाहीत."

"का? अजून राग गेला नाही?"

"कुत्रीला आत सोडत नाहीत, आणि ते म्हणतात, हिला एकटं टाकून येणार नाही."

कलम ४ मधली शेवटची दोन वाक्यं मी खोडली आहेत. दोन्ही साक्षीदार मला चाकाच्या खुर्चीत बसवून खाली नेत आहेत.