गोठा क्रमांक सात

१२ मार्च, रविवार

आईच्या माहेरी जायला तिकीट काढावं लागलं! खिडकीतल्या मुलीला आई म्हणाली, "मी इथलीच आहे गं." ती म्हणाली, "ज्येष्ठ नागरिक का? ओळखपत्र दाखवा."

साठ वर्षं गाव ओस होतं. आता पर्यटकांसाठी पडलेले दगड पुन्हा रचलेत, गल्ल्या झाडल्यात, गवतसुद्धा शिस्तीत उगवतं. माणसं राहत असताना गाव इतकं स्वच्छ असणं शक्यच नाही. गाइडचं नाव मी टोपीवाला ठेवलं. डोक्यावर टोपी, तोंडात पाठ केलेलं. "इथे शांतता नांदत असे," म्हणे. आई फिस्कन हसली. "आमच्या गल्लीत? भांडल्याशिवाय घागर भरायची नाही कुणाची!"

सातव्या दारापाशी मात्र ती थांबली. एकच खोली, ठेंगणं छत, भिंतीत लोखंडी कडी. जन्मभर ऐकलेलं घर ते हेच! "या कडीला तुझ्या मामाची झोळी बांधायचो," म्हणाली. आणि बाहेर पाटी — 'गोठा क्र. ७. येथे मनुष्यवस्ती नव्हती.'

माझं डोकंच फिरलं. टोपीवाल्याला म्हटलं, "ही बघा मनुष्यवस्ती. समोर उभी आहे, चष्मा पुसतेय." तो म्हणाला, "तज्ज्ञांनी ठरवलंय, मॅडम. कडी गुरांची आहे."

तज्ज्ञ म्हणे! आई माझी ओढणी ओढत होती. "चल गं, चहा घेऊ कुठेतरी."

१३ मार्च

अर्ज लिहिला. तीन पानं. नवऱ्याने वाचून विचारलं, "पाटी बदलायचीय की सरकार पाडायचंय?"

२० मार्च

तिथल्या व्यवस्थापक बाईंचा फोन. आवाज साखरेत घोळलेला. "पुरावा काही आहे का?" लगेच मामाला फोन लावला. "झोळी आठवते का तुला?" तर म्हणतो, "अगं, सहा महिन्यांचा होतो मी! काय खूळ घेतलंयस डोक्यात?"

शेवटी आईलाच समोर बसवलं आणि नकाशा काढला. चूल इथे, रांजण इथे. एरवी बोलायला लागली की थांबत नाही, आज एकेक शब्द ओढून काढावा लागला. "उजवीकडे आम्ही झोपायचो." आणि डावीकडे? "डावीकडे... असायचं काहीबाही." असायचं काहीबाही! मी लिहिलं — 'सामानाची जागा'. आईने खाली सही केली. त्याआधी बराच वेळ चष्मा पुसत बसली. वय झालं, दुसरं काय.

४ एप्रिल

जिंकले!! बाईंनी फोटो पाठवला. नवी पाटी — 'घर क्र. ७. येथे एक कुटुंब राहत असे.' आख्ख्या खानदानाला पाठवला. मामाने तीन अंगठे पाठवले, दोन आठवड्यांपूर्वी मला खुळी म्हणणाऱ्याने! आईने मात्र पाहिला आणि भाजी निवडायला घेतली. मी इतकी घसा फोडून भांडले, त्याचं काहीच नाही? रागच आला मला.

९ एप्रिल, रविवार

आईला मुद्दाम पाटी दाखवायला नेलं. तिने दोनदा वाचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गोठाच होता गं तो. मालकाचा. डावीकडे त्याच्या दोन गाई, उजवीकडे आम्ही पाच जण. गाई चरायला गेल्या की कडी मोकळी व्हायची, मग झोळी."

तोंडात मारल्यासारखं झालं. कसंबसं म्हटलं, "काढायला सांगू का पाटी?"

तिने पाटीवरची धूळ पदराने पुसली. "राहू दे. माझी आई मरेपर्यंत त्याला गोठाच म्हणायची. एकदा तरी कुणी घर म्हणू दे."