गाडीखालचे पुठ्ठे

४ एप्रिल, शुक्रवार
गाडी आली. नवं इंजिन. म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेलं, पण आपल्याला नवंच. जुन्यात दम नव्हता. लाल दिवा लागला होता, तरी मी फक्त बाजारापर्यंत नेली, तेवढ्यात बसलं. मजबूत असतं तर बसलं असतं का?

मिस्त्रीनं कागदावर लिहून दिलंय, तीन महिने जबाबदारी त्याची. नटांवर पिवळ्या रंगाचे ठिपके मारलेत. ठिपका तुटला की जबाबदारी संपली. बाई, काही झालं तर हात लावू नका, गाडी माझ्याकडे आणा, असं तीनदा म्हणाला. एकदा सांगितलेलं मला कळतं. रोज काय होतं ते लिहून ठेवा असंही म्हणाला. म्हणून ही डायरी. किराणावाल्यानं दिलेली, कोरीच पडली होती.

एसीपण चालू करून दिला. चार वर्षं बंद होता. आता थंडगार.

२२ ला ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन. ताई माझी मोठी बहीण, आमच्याकडेच असते. मोतीबिंदू. चार महिन्यांनी नंबर लागलाय. दवाखाना दोन तासांवर. बसमध्ये तिला उलटी होते आणि बसची पायरी दिसत नाही. मी शब्द दिलाय, माझ्या गाडीनं नेणार.

ठरवलं: रोज लिहायचं. चिडायचं नाही.

६ एप्रिल, संध्याकाळी
गळतंय!

ताईला एक चक्कर मारून आणली, एसी लावून, राणीसारखी. घरी येऊन उतरलो तर ती बसते त्या बाजूला खाली थेंब थेंब. ताईनं वाकून बोट लावलं आणि म्हणाली, पाणी आहे गं. तिला परवा दारातली बादली मांजर वाटली होती. मी म्हटलं, तू बोलू नकोस.

मिस्त्रीला फोन केला. रंग कोणता, म्हणाला. मी म्हटलं ओला. वास कसला? गाडीचा. गाडी घेऊन या म्हणाला. नेली की ठेवून घेणार आणि २२ तारीख हुकणार. जुनं इंजिन बदलताना दोन दिवस म्हणाला होता, सव्वीस लागले. नेणार नाही. कुठून गळतं ते मीच शोधते.

चिडले. पण थोडीच.

७ एप्रिल, सोमवार
आयडिया. वसतिगृहाच्या कोठीतून खोक्याचे पुठ्ठे आणले. मी तिथे स्वयंपाक करते, खोकी माझीच. गाडीखाली पुठ्ठा ठेवायचा, त्यावर तारीख घालायची, डाग बघायचा. शिकलेल्या माणसाला सुचलं नसतं.

संध्याकाळी बशीएवढा ओला डाग. पुरावा.

८ एप्रिल, सकाळी
पुरावा गायब. पुठ्ठा कोरडा. नवऱ्यानं बदलला असणार. विचारलं तर म्हणे, पुठ्ठा कशाला बदलू, मला दुसरी कामं नाहीत का. आणि परत आडवा झाला. पुठ्ठे आता दाराआड जपून ठेवणार.

९ एप्रिल, बुधवार
मिस्त्रीचाच फोन आला. ऑइलची पट्टी बघा म्हणाला. सपाट जागेवर गाडी लावा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसा, परत घाला, मग बघा. आणि पट्टीत कमी दिसलं तरी काही ओतू नका, मला सांगा. दहा मिनिटांत मी पन्नास माणसांचं वाढून मोकळी होते. गाडी वसतिगृहाच्या फाटकाच्या उतारावर उभी केली, बंद केली, पट्टी ओढली.

खालच्या खुणेच्याही खाली! म्हणजे ऑइलच गळतंय. ताई म्हणे पाणी.

डबा आणून ओतलं. किती ओतायचं ते डब्यावर लिहिलं होतं, वाचलं नाही. तीस वर्षं दोनशे माणसांचं मी मापाशिवाय करते. माझ्या हाताला अंदाज आहे. मिस्त्रीला सांगितलं नाही. उगाच घाबरतो.

११ एप्रिल
संध्याकाळी आल्या आल्या पट्टी ओढली. परत कमी. परत ओतलं. हे इंजिन खादाड आहे. पोटभर घातलं की राहील नीट. उपाशी कुणीच धड काम करत नाही.

ताई विचारत होती, बसची वेळ विचारून ठेवू का. मी दोन तास तिच्याशी बोलले नाही. नंतर तिनंच चहा आणून दिला. बशीत सांडला, तेही तिला दिसलं नाही. मला कसंतरीच झालं. चहा पिऊन टाकला.

१२ एप्रिल, शनिवार
गळती थांबली! पुठ्ठा स्वच्छ. आज ढग होते, काचा खाली करून गेले, छान वारा. ऑइल पोटभर घातल्याचा गुण. मिस्त्रीला फोन करून सांगितलं, गळती बंद, तुमची गरज नाही. बरं म्हणून त्यानं फोन ठेवला. जळला असेल.

१३ एप्रिल
ऊन भाजून काढतंय. एसी फुल. घरी आले तर थेंब थेंब, पहिल्यापेक्षा जास्त. हे इंजिन मुद्दाम करतं.

नवरा म्हणाला, ती मिस्त्रीकडेच ने. मी म्हटलं, २२ ला ताईला तुम्ही खांद्यावर नेणार का? वाचायला बसला. वर्तमानपत्र उलटं धरून.

१५ एप्रिल, मंगळवार
ऑइल घालून भागत नाही, नट आवळायला पाहिजे. शेजारच्या नळवाल्याकडून पाना आणला. चटई टाकून गाडीखाली सरकले. पंचावन्नाव्या वर्षी. बाहेर निघताना नवऱ्याला माझे पाय धरून ओढावं लागलं. तो हसला, हे मी लक्षात ठेवणार आहे.

खाली मधोमध एक मोठा नट होता. त्यावर पिवळा ठिपका. जरा थांबले. पण २२ ला सातच दिवस राहिलेत. दोन्ही हातांनी जोर लावला. कट्ट असा आवाज आला. म्हणजे घट्ट बसला.

ठिपका तुटला. किंचितच. वरून बघितलं तर दिसत नाही.

१६ एप्रिल, सकाळी
पुठ्ठ्यावर काळा, चिकट, हाताला लागला की न सुटणारा डाग. बघा! मी पहिल्यापासून म्हणतेय ऑइल आहे. ताईला बोलावून बोट लावायला लावलं. ती म्हणाली, हो, हे ऑइल आहे. मग त्या दिवशी पाणी का म्हणालीस? म्हणाली, त्या दिवशी पाणी होतं.

म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

१७ एप्रिल
मागून निळा धूर. फाटकावरचा रखवालदार खोकत बाजूला झाला. ऑइल गळतं म्हणजे कमी होणारच, म्हणून आणखी ओतलं. गळतं त्यापेक्षा जास्त ओतत राहिलं की झालं, हिशेब सोपा आहे.

मिस्त्रीला फक्त धुराचं सांगितलं. बाई, ऑइल ओतलं नाही ना, म्हणाला. मी म्हटलं, मी कशाला ओतू. गाडी चालवू नका, मी टोचन घेऊन येतो, ओढून नेतो, म्हणाला. मी म्हटलं, २३ ला या. तो काहीतरी बोलत होता, मी आवाज येत नाही म्हणाले आणि ठेवला.

१९ एप्रिल, शनिवार
नटाला धुण्याचा साबण चोळून थापला. कोठीतली गळकी टाकी मी अशीच दोन वर्षं चालवली होती. गाडी सुरू केली, साबण तापला, ऑइलबरोबर खाली आला. आता पुठ्ठ्यावर काळा फेस. नऊ पुठ्ठे झाले.

काय करावं कळत नाही. हे लिहायला नको होतं. खोडत नाही, शाई पसरते.

२१ एप्रिल
ताईनं पिशवी भरली. टॉवेल, कागदपत्रं, माझ्यासाठी बिस्किटं. रस्त्यात तुला भूक लागते, म्हणाली. नक्की जाऊ ना गं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, सहाला निघायचं, साडेआठला दारात. एक डबा ऑइल गाडीत ठेवलाय. वाटेत ओतत जाऊ.

२२ एप्रिल, दुपारी, दवाखान्याच्या बाकावर
सहाला निघालो. फाटक पार. कोपऱ्यावर लाल दिवा. मागच्या वेळचाच. या वेळी मी लगेच थांबणार होते. गाडी माझ्याआधी थांबली.

बोनेटमधून धूर. खाली काळं तळं. मी डबा घेऊन उभी राहिले, पण कुठे ओतू. ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. हा धूर आहे की धुकं, विचारत होती. मी धुकं म्हटलं.

मग बस. पायरी मी दाखवली, तरी ती अडखळली. गुडघा खरचटला. दोनदा उलटी झाली. शेवटी मी माझी ओढणी धरली. एकदाही बोलली नाही मला. बोलली असती तर बरं झालं असतं.

अकराला पोचलो. नंबर नऊ वाजताचा होता. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या आता पुढची तारीख, चार महिन्यांनी. मी भांडायला तोंड उघडलं तर ताईनं माझा हात दाबला आणि स्वतःच हात जोडले. मी माझ्या बहिणीला असं कुणापुढे हात जोडताना कधी बघितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांत शेवटी घेतो.

आत नेलंय. बिस्किटं माझ्याकडे आहेत. खाल्ली नाहीत.

२४ एप्रिल, गुरुवार
ताईची पट्टी काल निघाली. सगळं दिसतं. पहिली गोष्ट काय, तर म्हणाली, तू किती वाळलीस. पाच किलो वाढले आहे मी.

कोपऱ्यावरून ढकलून दारात आणलेली गाडी ओढून न्यायला मिस्त्री आला. खाली वाकला, वर आला. म्हणाला, पाहिजे त्याच्या जवळजवळ दुप्पट ऑइल होतं यात, ऑइल अडवणारी सगळी सीलं फाटली. आणि खालचा नट कुणीतरी आवळून तडकवलाय. ठिपका तुटलाय. कुणीतरी म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. सभ्य माणूस. मग जबाबदारीचा कागद मागून घेतला आणि फाडला नाही, नुसता घडी करून मला परत दिला.

मी म्हटलं, थांबा. गळत आधीपासून होतं. पुरावा आहे. दाराआडून नऊच्या नऊ पुठ्ठे आणले आणि तारखेनं अंगणात मांडले. शेवटचे चार काळेकुट्ट. मिस्त्री पहिल्या पाचांपाशी उकिडवा बसला. उलटसुलट करून बघितले. एसी लावता का, विचारलं. मी म्हटलं, उन्हाळ्यात कोण लावत नाही.

तो उठला. टोचन बांधायला गेला.

ताई काळा चष्मा वर करून सात तारखेच्या पुठ्ठ्यावर वाकली होती. डाग नाही, काही नाही, नुसता जरा फुगलेला. त्यावर माझं अक्षर, मोठं, ठळक. तिनं ते वाचलं. मग बोट फिरवलं.

पाणी होतं गं, म्हणाली.

मी म्हटलं, डॉक्टरांनी तुला उन्हात चष्मा काढू नकोस म्हणून सांगितलंय. आत चल.